हॉल्गरबुवांचं आख्यान

डेन्मार्क हा देश नकाशात नेमका कुठं येतो हे गोदाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. चाळीस वर्षं त्या कीर्तनाला उभ्या राहत होत्या. ध्रुवबाळ कोणत्या तालुक्यातला होता हे तरी कुठं ठाऊक होतं? चरित्र समजलं की गाव आपोआप जवळ येतं, असा त्यांचा अनुभव. अमरावतीच्या रुक्मिणीनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत क्रांतिकारक येऊन गेले, धरणं बांधणारे इंजिनिअर येऊन गेले, एकदा तर देवीची लस टोचत खेड्यापाड्यांतून हिंडलेली एक नर्स येऊन गेली. सगळ्यांचं आख्यान झालं. लोक रडले, हसले, आरतीला उभे राहिले.

म्हणून अकोल्याहून बहिणीच्या मुलाचा, कुलदीपचा फोन आला तेव्हा त्या बिचकल्या नाहीत.

"मावशी, एका माणसाचं आख्यान करशीन का?"

"कोणाचं?"

"हॉल्गर मोलबेक. डेन्मार्कचा सिनेमावाला. यंदा संक्रांतीच्या सुमारास गेला बिचारा."

"आपल्या वळखीचा होता काय?"

"नाही व मावशी. लय मोठा दिग्दर्शक होता. जगभर नाव."

कुलदीप अकोल्यात कॉलेजात शिकवत असे आणि अकरा जणांचं एक सिनेमा मंडळ चालवत असे. त्याला या मोलबेकचा एक सिनेमा चार लोकांना दाखवायचा होता. कॉलेजच्या सभागृहाचं छत दुरुस्तीला निघालेलं. उरलं दत्त मंदिराचं सभागृह. विश्वस्तांचे अध्यक्ष पंजाबराव यांनी साफ सांगितलं होतं, की देवळात सिनेमा चालणार नाही, कीर्तन चालेल. तेव्हा कुलदीपने डोकं चालवलं. आधी कीर्तन, त्यात आख्यान मोलबेकचं, आणि मग दृष्टांत म्हणून त्याचाच एक सिनेमा. पंजाबराव म्हणाले, "दृष्टांत असन तं हरकत नाही."

गोदाबाईंनी एकच अट घातली. "माह्या गुरुजींनी अंजनगावले माह्या हातात चिपळ्या देतानी सांगतलं होतं. नारदाच्या गादीवर चुकलं तं देव माफ करते. जाणूनबुजून खोटं सांगतलं तं गादी सोडाव लागते. मले त्या माणसाचं सारं पाहू दे. मनाले पटलं तं करीन."

"पाह्य ना. पेनड्राईव्ह धाडतो. सहा सिनेमे हायेत."

पेनड्राईव्ह आला. गोदाबाईंचे पेटीवाले देवमन यांनी तो टीव्हीला लावून दिला आणि दोघं रोज दुपारी कूलरसमोर बसू लागले. म्हणजे गोदाबाई बसत. देवमन पहिल्या दहा मिनिटांत घोरत.

सिनेम्यांची नावं वाचता येईनात. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचून होईस्तोवर दुसरी यायची. शेवटी साल लिहिलेलं असायचं, तेही रोमन आकड्यांत, आणि गोदाबाईंचं रोमन घड्याळापुरतं, म्हणजे बारापर्यंत. म्हणून त्यांनी वाचणं सोडलं आणि नुसतं पाहिलं. प्रत्येक सिनेम्याला आपलं नाव दिलं. एक बादलीचा. त्यात समुद्राकाठच्या गावात एक विधवा दीड तास पाणी भरते, रंग नाही, गाणं नाही, कोणी फारसं बोलत नाही. एक भिंतीचा. दोन भाऊ मधे भिंत बांधतात, आणि भिंत पुरी झाली की सिनेमा संपतो. एक नुसत्या खुर्चीचा. मग एक बोटीचा, एक सर्कशीचा, आणि एक लग्नाचा. लग्नाच्या सिनेम्यात काय नव्हतं! लाल-पिवळे कपडे, बँड, घोडा, नाचणाऱ्या म्हाताऱ्या, आणि केकवर पडणारा नवरदेवाचा काका.

चार दिवस गोदाबाईंचं डोकं चक्रावून गेलं. एकाच माणसानं हे सगळं केलं? जेवताना घास हातात राहायचा. मग त्यांना कुलदीपचं फोनवरचं एक वाक्य आठवलं. "मावशी, त्याले कोणी रंग नाकारला नोयता. त्यानं स्वतःहून सोडला."

सोडला!

झालं. गोदाबाईंना आख्यानाचा धागा सापडला. अहो, हे तर वैराग्याचं चरित्र! तरुणपणी या माणसानं लग्नाचा सिनेमा काढला, सगळा भोग मांडला. मग सर्कस, मग बोट. मग हळूहळू एकेक टाकत गेला. आधी गाणं टाकलं, मग रंग टाकला, मग बोलणं टाकलं. शेवटी उरली एक बाई आणि एक बादली. पुढं तर तीही नको, नुसती खुर्ची! रिकामी! त्यांनी झोपलेल्या देवमनना हलवलं.

"देवमन, हा तं संत होय जी!"

"कोण?" देवमन डोळे चोळत म्हणाले. "काका केकवर पडला तो?"

पुढचे आठ दिवस त्यांनी आख्यान बांधलं. पूर्वरंगाला त्यागावरचा अभंग निवडला. प्रत्येक सिनेम्याला चाल लावली, बँडच्या जागी दिंडीची चाल, खुर्चीच्या जागी नुसता तंबोरा. असं आख्यान आपण आजवर बांधलं नाही, हे त्यांना मनोमन ठाऊक होतं.

वैशाखातल्या गुरुवारी सकाळच्या एसटीने त्या देवमनसोबत निघाल्या. मूर्तिजापूरपर्यंत त्या गुणगुणत होत्या. अकोल्याला उतरल्या तेव्हा अकराच वाजले होते, पण स्टँडवरचं डांबर चपलेला चिकटत होतं. कुलदीपच्या घरी त्याच्या बायकोनं, प्रणालीनं, कैरीचं पन्हं दिलं आणि सोबत छापून आणलेलं पत्रक.

"पाहा मावशी, कसं झालं. वाटायला दोनशे काढले."

पत्रक मराठीत होतं. वर गोदाबाईंचं नाव, खाली मोलबेकचा फोटो, त्याखाली सहा सिनेम्यांची यादी, सालासकट. गोदाबाईंनी चष्मा चढवला. पहिल्या ओळीत बादलीचा सिनेमा होता. साल १९६८.

"प्रणाली, हे उलटं छापलं व."

"काय उलटं?"

"बादलीवाला शेवटाकडचा होय ना? अन् लग्नाचा पह्यला."

प्रणालीने कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपने पन्ह्याचा पेला खाली ठेवला.

"नाही मावशी," प्रणाली हळूच म्हणाली. "बादलीचा त्याचा पहिला सिनेमा. अठ्ठावीस वर्षांचा होता तेव्हा. मग भिंत, मग खुर्ची. मग चौदा वर्षं काहीच नाही काढलं. आणि लग्नाचा शेवटचा. शहात्तराव्या वर्षी काढला."

गोदाबाईंनी यादीवरून बोट वरून खाली फिरवलं.

"मंग त्यानं रंग सोडला, म्हणे ना तू?" गोदाबाईंनी कुलदीपला विचारलं.

"सोडला होता ना. सुरुवातीले. सारे रंगीत काढत होते तवा यानं काया-पांढरा काढला. मंग बुढापनी घेतला पुन्हा."

गोदाबाई खाली सतरंजीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं आठ दिवसांचं बांधकाम उभं होतं, आणि ते डोक्यावर उभं होतं. वैराग्यानं सुरुवात आणि केकवर शेवट! असं कुठं चरित्र असतं? माणूस भोगातून त्यागाकडं जातो. वाल्याचा वाल्मीकी होतो. वाल्मीकीचा वाल्या झालेला कोणी ऐकलाय?

"कावून घेतला?" त्यांनी कारण विचारलं.

"काय?"

"रंग. कावून घेतला पुन्हा? चौदा वर्षं काय करत होता?"

"ते कोणालेच मालूम नाही मावशी. त्यानं कधी सांगतलं नाही. लोक पुस्तकं लिहून राहिले त्याच्यावर."

देवमन कोपऱ्यात चिवडा खात होते. म्हणाले, "बाई, माह्यं काय. पेटी दोन्हीकडून वाजते. तुमी बांधलं तसंच सांगा. अकोल्यात कोणाले मालूम आहे हा बुवा कधी काय करे?"

"पत्रकावर साल छापून आहे," प्रणाली म्हणाली.

"पत्रकानं लोक वारा घेतात, वहिनी. वाचते कोण?"

कुलदीपचा चेहराच बोलत होता. बरं झालं असतं, मावशीनं तसंच सांगितलं असतं तर. पंजाबराव खूश, लोक खूश, सिनेमा दिसला असता. गोदाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि मान वळवली. आजपर्यंत त्या गादीवर चुकल्या होत्या, अनेकदा. सनावळ्या चुकल्या, गावं चुकली. पण ते नकळत. आता कळलं होतं. बांधलेलं सुंदर आख्यान तसंच सांगावं तर गादी गेली. खरं सांगावं तर त्याचा अर्थ काय, हेच कळत नाही, आणि अर्थाशिवाय कीर्तनाला उभं कसं राहायचं?

पाचला त्या सभागृहात उभ्या राहिल्या तेव्हाही काही ठरलं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. निम्मे लोक गोदाबाईंसाठी आले होते आणि निम्मे दोन मोठ्या कूलरसाठी. पुढच्या रांगेत पंजाबराव, पांढरं धोतर, टोपी, हातात पत्रकाचा पंखा. त्यांच्या मागं बायका. त्यांत सुंदराबाई नावाच्या एक थोराड आजी होत्या, अकोल्यातलं एकही कीर्तन न चुकवणाऱ्या आणि कीर्तनकाराला मधेच टोकणाऱ्या. गोदाबाईंना त्या चांगल्या ओळखीच्या होत्या.

पूर्वरंग झाला. अभंग ठरला होता तोच घेतला, दुसरा आठवेना. त्यागावर त्या अर्धा तास बोलल्या आणि छान बोलल्या. आवाज लागला होता. देवमनची पेटी सोबत चालत होती. पण आतून एक बाई सारखी म्हणत होती, अगं गोदे, पुढं काय?

मध्यंतर झालं. पंजाबराव उठले, त्यांनी हार घातला, बुक्का लावला आणि वाकून नमस्कार करताना पुटपुटले, "वा बाई, मस्त. आता त्यागाचं आख्यान रंगवा. मी तं समजलो होतो कुलदीप काही भलतंच करून राहिला."

गोदाबाईंनी चिपळ्या उचलल्या.

"तर मंडळी, डेन्मार्क नावाच्या देशात, हॉल्गरबुवा नावाचा एक माणूस. ऐन तारुण्यात त्यानं एक सिनेमा काढला. लग्नाचा…"

देवमनने बँडची दिंडी सुरू केली, ठरल्याप्रमाणे. गोदाबाईंचं तोंड उघडं राहिलं. पुढचं वाक्य तोंडातच होतं, गोड, बांधलेलं, आठ दिवस घोटलेलं. लोक मान डोलवायला तयार बसले होते.

"थांबा देवमन," त्या म्हणाल्या.

पेटी थांबली.

"चुकलं माह्यं. लग्नाचा नाही. बादलीचा. मायबापहो, मी हे आख्यान उलटं बांधून आणलं होतं. मले वाटलं हा माणूस सोडत सोडत गेला. आज सकाळी समजलं, हा तं रिकाम्या हातानं निघाला अन् भरत भरत गेला. आता मी तुमाले जसं हाय तसं सांगतो. अर्थ मले लागला नाही. तुमालेच विचारतो."

पंजाबरावांचा पंखा थांबला. आमच्याकडं प्रश्न विचारत कीर्तन करायची जुनी रीत आहे, पण ती उत्तर माहीत असलेल्या कीर्तनकाराची. इथं कीर्तनकारच विचारात.

गोदाबाईंनी बादलीची बाई सांगितली. चाल नाही, दिंडी नाही. ती विहिरीवर जाते, बादली भरते, वारा सुटलेला, पदर तोंडावर येतो, घरी येते, ओतते, पुन्हा जाते.

"किती खेपा केल्या असतीन?"

"पाच!" "दहा!"

"बावीस. मी मोजल्या. बावीस खेपा त्यानं दाखवल्या. सांगा बरं, कावून?"

"पाण्याची बोंब असन," मागून एक जण. सभागृह हसलं. अकोल्यात हे उत्तर चालणारच.

"नवरा मेला ना तिचा," सुंदराबाई म्हणाल्या. "माह्या मालक गेले तवा मी तीन दिवस भांडे घासत होती. स्वच्छ असलेले. हात थांबला की रडू ये."

गोदाबाईंनी सुंदराबाईंकडं पाहिलं. आठ दिवस त्यांनी तो सिनेमा वैराग्याचा म्हणून धरला होता, आणि या बाईनं न पाहताच तो दुःखाचा केला.

मग भिंत झाली, खुर्ची झाली. मग चौदा वर्षं. "चौदा वर्षं या माणसानं काही केलं नाही. कुठं होता?"

"वनवासात!" पंजाबराव एकदम म्हणाले, आणि सगळे हसल्यावर टोपी नीट करू लागले.

"बिमार असन." "बायको सोडून गेली असन." "पोरंबाळं वाढवत असन ना, सिनेमा सिनेमा काय करता," एक बाई म्हणाली.

"मालूम नाही. कोणालेच मालूम नाही. अन् मंग तो परत आला, तं रंग घेऊन आला. बोट, मंग सर्कस, मंग लग्न. शहात्तर वर्षांचा बुढा, अन् घोडा नाचवते, बँड वाजवते. कावून?"

"डोये अधू झाले असतीन, भडक दिसाव म्हणून."

"नात झाली असन."

"बुढापनी चळला!"

"चळला तुह्या बाप! खूश झाला म्हणा ना."

"सांगा मले," गोदाबाईंनी चिपळी उंचावली, "हा माणूस वर चढला का खाली उतरला?"

"चढला!" "उतरला!" दोन्ही बाजूंनी एकदमच. पंजाबराव मागं वळून कोण काय म्हणतं ते पाहत होते, जणू त्यांना नोंद ठेवायची होती.

गोदाबाई बोलायला गेल्या आणि त्यांना एकाएकी लग्नाच्या सिनेम्यातलं काहीतरी आठवलं. बोलत बोलतच आठवलं. सगळे नाचत असतात, बँड चालू, आणि मधेच हॉल्गरबुवा नाच सोडून कॅमेरा आत स्वयंपाकघरात नेतो. तिथं एक बाई पेले धूत असते. लग्नघरची नव्हे, कामाला बोलावलेली. बँड बाहेरून ऐकू येतो. ती पेला धुते, उजेडात धरून पाहते, ठेवते, दुसरा घेते. लय वेळ. गोदाबाईंना घरी ते पाहताना वाटलं होतं, टीव्ही अडकला की काय.

"म्हणजे पाहा," त्या हळू म्हणाल्या, "इतकं सारं धरलं तरी तो त्या बाईपाशी जाऊन बसलाच. मंग त्यानं सोडलं काय होतं? अन् धरलं काय?"

आता रीतीप्रमाणे मूळ अभंगावर यायचं होतं. आख्यान फिरून अभंगाला मिळालं की कीर्तन पुरं होतं. देवमनने सूर धरून ठेवला होता. गोदाबाईंनी अभंगाचा पहिला शब्द ओठांवर आणला, आणि तो त्या माणसाला बसेना. सैल अंगरखा घातल्यासारखा घसरून पडे. ओढूनताणून बसवता आला असता. एक वाक्य, दोन वाक्यं, लोकांनी मान डोलवली असती.

"आख्यान इथंच राह्यलं," त्या म्हणाल्या. "पुढचं मले येत नाही." आणि त्यांनी चिपळ्या गादीवर ठेवल्या.

सूर तसाच लांबत लांबत संपला. पंजाबराव शाल-नारळाचं ताट घेऊन सवयीनं उठले होते. गोदाबाईंनी हात जोडले.

"अध्यक्षसाहेब, कीर्तन पुरं झालं नाही. नारळ मी घेत नाही."

"घेत नाही म्हणजे?"

"अभंगावर आली नाही ना मी. अर्ध्या कीर्तनाचा नारळ कसा घ्याव?"

पंजाबराव ताट घेऊन उभेच. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून नारळ परत गेला नव्हता. देवापुढं ठेवून उचललेला, आता पुन्हा देवापुढं कसा ठेवायचा? घरी न्यावा तर ते बरं दिसत नाही. त्यांनी कुलदीपकडं पाहिलं, कुलदीपने प्रणालीकडं, प्रणालीने छताकडं.

"अन् मंग सिनेमा?" कुलदीपने भीतभीत विचारलं. "कीर्तनानंतर दृष्टांत म्हणून…"

"कीर्तन कुठं झालं?" पंजाबराव म्हणाले. "बाईच म्हणून राहिल्या झालं नाही. मंग दृष्टांत कशाचा?" मग स्वतःच थांबले. "पण दृष्टांत तं कीर्तनाच्या मंधातच येते. म्हणजे कीर्तन चालूच हाय म्हणाव लागन." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "का नाही?"

"बापा, काथ्याकूट नका करू," सुंदराबाई मांडी बदलत म्हणाल्या. "आमी बसून हावो. ते पेलेवाली बाई दाखवा. खरी हाय का ह्यायनं लावली मनानं, पाहू."

"मी तं बादलीचा लावून ठेवला," कुलदीप म्हणाला.

"बादली आमाले मालूम झाली. लगन लावा!"

"लगन! लगन!" मागची पोरंसोरं आणि म्हातारे एकाच सुरात ओरडले.

पंजाबरावांनी शेवटी ताटातला नारळ उचलला, बाहेर ओट्यावर नेऊन आपटला, आणि देवळातून सुरी आणून स्वतः तुकडे करायला बसले. "प्रसाद म्हणून खा," ते आत येत म्हणाले. "प्रसादाले पुरं-अर्धं नसते." आपण बरोबर बोललो का याची खात्री नसल्यासारखे ते गोदाबाईंकडं पाहत राहिले. गोदाबाईंनी दोन्ही हात पुढं केले. प्रसादाला नाही कसं म्हणणार?

खिडक्यांना सतरंज्या लावल्या. भिंतीवर चादर ताणली. बँड वाजू लागला, घोडा आला, काका केकवर पडला तेव्हा देवमनही जागे होते. सगळीकडून खोबरं चावल्याचा आवाज येत होता. गोदाबाई बायकांत, सुंदराबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. गादीवरून उतरलेलं माणूस इतकं हलकं असतं हे त्यांना नवंच होतं, आणि हलकं वाटावं असं आपण काय केलं, हेही कळत नव्हतं.

स्वयंपाकघर आलं. पेलेवाली बाई आली. सभागृहातली कुजबुज कमी कमी होत गेली.

"हे रडून राहिली व," सुंदराबाई म्हणाल्या.

"रडून नाही, वाफ येऊन राहिली पाण्याची," मागून एक जण.

"हसून राहिली ते," पंजाबराव पुढून म्हणाले. "ओठ पाहा."

"बाई, तुमी सांगा. तुमी पाह्यला ना आधी."

गोदाबाईंच्या तोंडात खोबरं होतं. त्यांनी ते गालात सरकवलं, चष्मा नाकावर वर चढवला, आणि चादरीच्या दिशेनं थोड्या पुढं सरकून बसल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या, "पाहू द्या मले."